मंगळवारी गेलेली लाईट

पुण्यात लाईट जाते ती गुरुवारी. दुरुस्तीची जी काही कामं असतात ती त्या दिवशी निघतात, हे इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. लोक बुधवारीच चटण्या वाटून ठेवतात, गुरुवारी सकाळी बादल्या भरतात, मोबाइल चार्ज करतात आणि मग दिवसभर वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडायला मोकळे होतात. आमच्या बाबांचा गुरुवार तर लष्करी शिस्तीचा. सकाळची वंदना झाली, चहा झाला, की हॉलमधून बाल्कनीपर्यंत एक्स्टेन्शनची लांबलचक वायर ओढायची आणि त्यावर पंपाची पिन लावायची. त्या वायरला अडखळून घरातलं कुणी ना कुणी दर गुरुवारी पडता पडता वाचायचं, आणि बाबा म्हणायचे, "खाली बघून चालायला पैसे पडत नाहीत."

पंप होता बाल्कनीतल्या शेतीचा. वारज्याच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बाबांनी प्लंबिंगच्या पांढऱ्या पाइपांची चळत उभी केली होती, एकाखाली एक, जराशा उतरत्या. पाइपांना वरून भोकं, प्रत्येक भोकात जाळीचा छोटा कप आणि कपात रोप. माती औषधालाही नाही. खाली निळ्या टबात खत मिसळलेलं पाणी असायचं, ते पंप वर चढवायचा, वरच्या पाइपातून खालच्यात असं घरंगळत ते परत टबात यायचं. मुळं पाइपात लोंबकळत असायची आणि पाण्याची पातळशी धार त्यांना चाटत जायची. पालक, पुदिना, आणि एक बेसिल, जे तुळशीसारखं दिसतं म्हणून शेजारच्या काकू येता-जाता त्याला नमस्कार करायच्या. मातीत हात न घालता ही कसली शेती, असं त्या काकूंच्या यजमानांनी एकदा विचारलं. बाबांनी त्यांना विचारलं की तुम्ही मातीत हात घालून आजवर काय काय पिकवलंत. त्यानंतर त्या घरातून फक्त नमस्कार येत राहिले.

या शेतीची एकच अट होती, की पाणी थांबता कामा नये. मातीतल्या रोपाला एक दिवस पाणी चुकलं तर ते रुसतं, पण तग धरतं. इथे पंप बंद पडला की मुळं उघडी हवेत येतात, आणि मे महिन्यात पुण्याच्या उन्हात उघडं मूळ दुपारपर्यंत सुद्धा टिकत नाही. घरात इन्व्हर्टर होता, पण जुना. हॉल आणि बेडरूममधल्या ट्यूब, पंखे आणि हॉलमधला एक प्लग एवढंच त्याच्यावर. बाल्कनीतला पॉइंट त्याच्यावर नव्हता, दारावरची बेलही नव्हती. म्हणून ती गुरुवारची वायर.

त्या मे महिन्यात माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती. मुलगी आठ महिन्यांची. नवरा नोकरीसाठी नागपुरात, महिन्यातून एकदा येणार. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. पुढच्या सोमवारपासून मी येरवड्याच्या ऑफिसात रुजू व्हायचं होतं, आणि दिवसभर मुलीला कोण सांभाळणार हा प्रश्न होता. मी पाळणाघराचा विषय काढला तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला. "काहून? मी काय मेलोय?" चाळीस वर्षं पुण्यात काढून त्यांनी इथला तिरकसपणा चांगलाच उचलला होता, पण मनाला लागलं की गावाकडचं 'काहून' अजून बाहेर पडायचं. मी विषय तिथेच सोडला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. नातीला आजोबांपेक्षा जास्त जीव कुठल्या पाळणाघरातली बाई लावणार होती?

शंका एकच होती, ती त्यांच्या कानांची.

बाबांची सगळी नोकरी भोसरीतल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये गेली. पत्र्यावर दणके घालणाऱ्या मशिनी, आठ-आठ तास. तिथे शब्द ऐकू यायचाच नाही, म्हणून माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची. शेडच्या पार पलीकडे उभा राहून कोण सुपरवायझरला काय शिव्या देतोय ते आपल्याला कळायचं, असं बाबा मोठ्या तोऱ्यात सांगत. घरीही ते समोरच्याच्या तोंडाकडे एकटक बघत बोलत. आम्हाला लहानपणी वाटायचं, बाबा किती लक्ष देऊन ऐकतात. आई मात्र सांगायची, बाबांना पाठीमागून हाक मारू नका, पुढे येऊन बोला. ती असं का सांगते हे आम्ही कधी विचारलं नाही.

जाड आवाज त्यांना व्यवस्थित ऐकू येत. बातम्या देणारा पुरुष, रिक्षा, गणपतीतले ढोल, आणि समोर बसलेलं कुणीही. बारीक आवाजांची मात्र गडबड होऊ लागली होती. एकदा कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि वरण करपलं, तेव्हा शिट्टीतच दोष आहे म्हणून त्यांनी शिट्टी बदलून आणली. मोबाइल वाजला तर तो सायलेंटवर होता. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं तर म्हणायचे, माझे कान ठीक आहेत, तुमची पिढी पुटपुटते. मुलीचं रडणं त्यांना ऐकू येतं का, हे पाहायची वेळ कधी आलीच नव्हती. ती रडली की मी आधी धावायचे. आणि ती त्यांच्या मांडीवर असली की ते तिच्या चेहऱ्यावरून नजर काढत नसत. ओठ वाकडे व्हायच्या आत त्यांनी तिला खांद्यावर घेतलेलं असायचं. हे पाहून मला वाटायचं, उगाच काळजी करतेय मी.

त्या मंगळवारी ऑफिसात जाऊन साहेबांना भेटायचं होतं आणि लॅपटॉप घ्यायचा होता. बाबा म्हणाले, सोमवारची रंगीत तालीम होऊन जाऊ दे. सकाळी मुलीला पाजून झोपवलं, पलंगावर भोवती लोड लावले, दुधाची बाटली काढून फ्रिजमध्ये ठेवली, कोमट कशी करायची ते तिसऱ्यांदा सांगितलं. बाबा म्हणाले, तुला पण मीच वाढवलीय, जा आता. बाल्कनीत पाण्याची बारीक धार टबात पडत होती. मी तो आवाज ऐकला आणि दार ओढून घेतलं.

दुपारी बाराच्या सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज दिसला, कुणाकडे लाईट आहे का? मंगळवारी लाईट जाण्याचं काही कारण नव्हतं, पण आमच्याकडे कधी एका विंगला असते, दुसऱ्या विंगला नसते. मी बाबांना फोन लावला. पहिल्यांदा नुसता वाजत राहिला. दुसऱ्यांदा त्यांनी उचलला, स्पीकरवर, नेहमीसारखा.

"लाईट आहे का?" मी विचारलं.

"आहे की. ट्यूब चालू आहे."

मुलगी उठली का, असं विचारलं. झोपलीय, म्हणाले, एकदम शहाण्यासारखी. मागे काहीतरी बारीक, चढत जाणारा आवाज येत होता, थांबायचा, पुन्हा चढायचा. खालच्यांचा मिक्सर असेल असं मला वाटलं. त्या बाई दुपारी मिक्सर लावतात आणि तो फार किंचाळतो. तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं आणि मी फोन ठेवला.

घरी परतायला तीन वाजून गेले. सोसायटीच्या गेटपाशी वॉचमन खुर्ची सावलीत ओढून बसला होता. लिफ्टकडे वळले तर म्हणाला, "जिन्यानं जावा ताई. सकाळधरनं लाईट न्हाई. डीपी जळाली हाय."

मी म्हटलं, आमच्या विंगला होती ना. तो म्हणाला, कुठल्याच विंगला न्हाई, तुमी गेल्या आन् पाचच मिनिटांत गेली. मी जिना चढायला लागले. पहिल्या मजल्यापर्यंत मी बाबांवर चिडले होते, लाईट नसताना आहे कशाला सांगायचं. दुसऱ्या मजल्यावर लक्षात आलं की ते खोटं बोलले नव्हते. त्यांनी मान वर करून ट्यूब पाहिली असणार. ट्यूब इन्व्हर्टरवर चालू होती, म्हणून लाईट आहे. आपल्याकडे दिव्यालाही लाईट म्हणतात आणि विजेलाही, आणि आजवर त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर मला पंप आठवला. सकाळपासून पंप बंद. बाबांची खुर्ची बाल्कनीच्या दाराला लागून असते, हात लांब केला तर टबातलं पाणी लागेल. धार पडायची थांबली आणि त्यांना कळलं नाही.

चौथ्या मजल्यावर पोहोचले तेव्हा दाराबाहेरच ऐकू यायला लागलं. बॅटरी संपत आली की इन्व्हर्टर जो कर्कश टाहो फोडतो, तो चालू होता. सवयीने बेल दाबली, मग किल्ली काढली. दार उघडलं तर आवाज अंगावर आला. हॉलमध्ये ट्यूब मिणमिणत होती, पंखा मोजून घ्यावीत इतक्या सावकाश पाती फिरवत होता, भिंतीजवळ इन्व्हर्टर ठणाणा करत होता, आणि त्याच्याच शेजारी खुर्चीत बसून बाबा शांतपणे शब्दकोडं सोडवत होते. माझी सावली पेपरवर पडली तेव्हा त्यांनी वर पाहिलं. चेहरा खुलला.

"आलीस? बघ, एकदाही उठली नाही."

"सकाळपासून लाईट नाहीये," एवढं त्यांना म्हणून मी चपलांसकट आत धावले. मुलगी झोपलेली होती. श्वास चालू होता. मी दोनदा पाहिला. ती पलंगावर आडवी फिरून पार लोडांच्या कडेला आली होती, दुपटं पायाशी गोळा झालेलं, कपाळावर केस ओले. उकाडा होता, म्हणून घाम असेल असं मी म्हटलं. गालावर पांढुरक्या रेघा होत्या. तोही घामच म्हटलं. झोपलेल्या मुलाला उठवू नये असं सगळ्यांनी शिकवलेलं असतं, म्हणून छाती दुधाने दगड झाली असतानाही मी तिला हात लावला नाही. लंगोट बदलायला लागणार होता, तो उठल्यावर बदलू असं ठरवलं. स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला. बाटली होती तिथेच होती, सकाळी भरली तेवढीच भरलेली.

आठ महिन्यांचं पोर न खाता-पिता इतका वेळ झोपत नाही, हे मला माहीत होतं. मी फ्रिजचं दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. मला भीती वाटत होती, आणि कशाची ते स्वतःशी उच्चारायचं नव्हतं.

तेवढ्यात बाल्कनीतून बाबांची हाक आली. माझ्या तोंडून लाईट गेल्याचं ऐकून ते तिकडे गेले होते. त्यांचा आवाज असा मी आई गेली तेव्हा ऐकला होता. पालक सगळा झोपला होता. पानं पाइपांवर अशी पडली होती की कुणी उकळतं पाणी ओतलं असावं. बेसिलचे शेंडे काळवंडले होते. पुदिना तेवढा अर्धा जिवंत. बाबांनी एक कप उचलून दाखवला, खाली मुळांचा झुपका तपकिरी, दोऱ्यासारखा कोरडा. उन्हासाठी हिरवी नेट बांधलेली होती तरी पाइप हाताला चटका देत होता.

मग आम्ही लागलो कामाला. मला बोलायचं नव्हतं आणि त्यांनाही, त्यामुळे काम बरं वाटलं. टबातलं पाणी गरम झालं होतं. माठातलं पाणी त्यात ओतून ते निववलं, कारण नळाने एकदा फुत्कार टाकला आणि तो बंद पडला. वरच्या टाकीत पाणी चढवायलाही वीजच लागते. शेवटच्या पाइपाच्या तोंडात बाबांनी जुन्या बनियनचा बोळा कोंबला, म्हणजे पाणी निघून न जाता पाइपात साचेल. मी वरच्या टोकाने मगाने पाणी ओतत होते. वरून ओत, उंचावरून, ते सांगत होते, पाण्यात हवा मिसळली पाहिजे, नाहीतर मुळं गुदमरतात. आईची एक सुती साडी भिजवून आम्ही उन्हाच्या बाजूने टांगली. बोळ्यातून पाणी झिरपून टबात यायचं, ते मी पुन्हा वर नेऊन ओतायचे. पंप जे दिवसभर मुकाट्याने करतो ते हाताने करायला गेलं की खांदे निखळतात. मध्येच इन्व्हर्टरने एक लांब सूर लावला आणि तो मेला. ट्यूब गेली, पंखा थांबला. बाबांनी वर पाहून म्हटलं, आत्ता गेली बघ लाईट.

थोड्या वेळाने ते आपणहून बोलायला लागले. इन्व्हर्टरने घात केला, म्हणाले. ट्यूब चालू, पंखा चालू, मग माणसाला कळणार कसं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, नाहीतर पाणी पडायचं थांबल्यावर लगेच... आणि तिथे थांबले. हातातला कप त्यांनी परत भोकात बसवला आणि तो सरळ बसलाय की नाही हे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिले.

मी मगाने पाणी ओतत होते, आणि तेव्हा माझ्या डोक्यात तो मिक्सर आला. बाराच्या सुमाराला फोनमध्ये ऐकलेला, चढणारा, थांबणारा, पुन्हा चढणारा. सकाळपासून कुठल्याही विंगला लाईट नव्हती. खालच्यांकडेही नव्हती. मग मिक्सर कसा लागला असेल? माझा हात थांबला. मग मला सगळं कळलं. ते किती वेळ चाललं असेल याचा हिशोब मन करायला लागलं, आणि मी ते करू दिलं नाही.

"ओत ना," बाबा म्हणाले. मी ओतलं.

त्याच वेळी आतून ती रडायला लागली. आता पंखा नव्हता, इन्व्हर्टर नव्हता, सगळी इमारत गप्प होती. इतक्या शांततेत ते रडणं खाली गेटपर्यंत गेलं असतं. पण तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता. घोगरा, फाटलेला, मध्येच तुटणारा. सकाळपासून ओरडून घसा बसलेल्या माणसाचा असतो तसा.

मी लगेच उठले नाही. आईने जे करू नये ते मी केलं, तिथेच उकिडवी बसून राहिले आणि बाबांच्या पाठीकडे पाहिलं. ते पुदिन्याच्या कपात बोट घालून मुळं सैल करत होते. त्यांनी वळून पाहावं, एवढंच मला हवं होतं. नुसती मान हलली असती तरी चाललं असतं. तिचा आवाज चढला, तुटला, पुन्हा चढला.

"बरं झालं पोर झोपलीय," ते म्हणाले. "उठली असती तर हे काही निभलं नसतं."

उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला चेहरा बदलायला वेळ मिळाला नाही. त्यांनी तो नीट पाहिला. मग बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे.

"रडतेय?"

मी मान हलवली.

"कधीपासून?"

आत्ताच, म्हटलं. खरंच होतं ते. पण त्यांची नजर माझ्यावरून हलली नाही. पुदिन्याचं रोप त्यांच्या हातात तसंच होतं, मुळांतून पाणी त्यांच्या पायावर गळत होतं.

"सकाळी पण?"

मी उठून आत गेले. तिला उचललं. ती मला अशी चिकटली की गळ्यावर नखं उमटली. पाजताना तिचे हुंदके आत कुठेतरी अडकत होते, दूध गिळता गिळता ती दचकत होती. मी तिचे गाल ओल्या फडक्याने पुसले, त्या रेघा निघाल्या. मग कपडे बदलले. बाल्कनीतून काहीच आवाज येत नव्हता, पाणी ओतल्याचाही नाही.

तिला कडेवर घेऊन बाहेर आले तेव्हा बाबा हॉलच्या मधोमध उभे होते. त्यांना पाहताच ती हसली. त्या घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हणाली आणि रोजच्यासारखी दोन्ही हात पुढे करून त्यांच्याकडे झेपावली. मी तिला पुढे केलं.

"हात ओले आहेत माझे," ते म्हणाले, आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.